लेबलावरचा नंबर आणि रात्रीचे फोन – तुमचेही अनुभव लिहा

बिबडेवाली

काल माळा आवरताना जुन्या लेबलांचा गठ्ठा सापडला. तीनशे तरी असतील. प्रत्येकावर जिथे फोन नंबर छापलाय तिथे काळ्या मार्करची रेघ. २०१९ च्या उन्हाळ्यात मी आणि सासूबाईंनी दोन रात्री बसून मारलेल्या त्या रेघा. गठ्ठा हातात धरून तिथेच बसले. माळा तसाच राहिला.

मी जळगावची. उन्हाळ्यात वाळवणाचा धंदा करते, बिबडे (आमच्याकडचे ज्वारीचे पापड), कुरडया, नागलीचे पापड. आधी सगळं तोंडी चालायचं. मग भाचीने फेसबुकवर पान काढून दिलं. गच्चीवर ओल्या कापडावर बिबडे टाकतानाचा माझा फोटो, डोक्यावर पदर, घामाघूम, आणि खाली ठळक नंबर. पहिल्याच आठवड्यात पुण्याहून चार ऑर्डरी आल्या. एक पुण्याची बाई तर माहेरी आली तेव्हा स्वतः न्यायला आली. आमच्या खाली पिठाची गिरणी, बाजूने लोखंडी जिना, ती बिचारी गिरणीतच शिरली आणि डोक्यापासून पांढरी होऊन वर आली. किती हसलो होतो.

दुसऱ्या आठवड्यात रात्री पावणेबाराला फोन. "बिबडे आहेत का?" म्हटलं आहेत. "तुम्ही एकट्याच लाटता का?" बिबडे लाटत नाहीत एवढंही माहीत नव्हतं मेल्याला. मग रोज. वेगवेगळे नंबर. व्हिडिओ कॉल. फोटोवर काय काय लिहिलेलं, ते इथे लिहीत नाही.

मिस्टर म्हणाले पान बंद कर. सासरे होते तेव्हा. त्यांनी काही न बोलता फोन स्वतःच्या उशाशी घेतला. रात्री वाजला की खर्जातला आवाज, "बोल भाऊ, किती किलो?" दोघांनी तर घाबरून खरंच अर्धा अर्धा किलो मागवले, पैसेही पाठवले!

पान बंद केलं नाही. फोटो काढून टाकला, दुसरं सिम घेतलं आणि ते फक्त धंद्याचं ठेवलं. पाकिटावर पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क द्यावाच लागतो, त्यातून सुटका नाही. म्हणून त्या रेघा, आणि शेजारी हाताने नवा नंबर.

आमच्या गल्लीत सगळ्यांना माझं सगळं माहीत. सून कधी रुसली, सिलिंडर कधी संपलं. त्याचं कधी काही वाटलं नाही, कारण मलाही त्यांचं माहीत. पण तो पावणेबाराचा कोण होता ते मला आजतागायत माहीत नाही, आणि त्याला माझी गच्ची माहीत होती.

तुमचं काय झालं ते लिहा. धंदा असो नसो. नावं नकोत कुणाची.

तापीकाठ

बिबड्यांचा घाटा. गरम. वरून कच्चं तेल. ताई तुम्ही काय आठवण काढली! धाग्याशी संबंध नाही, माफी. सविस्तर नंतर लिहितो, गाडीत आहे.

झेरॉक्सवाला

मी उलट्या बाजूचा. म्हणजे लोकांचं खासगी ज्याच्याकडे जमा होतं तो.

तहसीलजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे (तालुका सांगत नाही). माणूस येतो, "भाऊ नंबर सांग" म्हणतो आणि आधार, पॅन, पासबुक, सातबारा, पोरीचा दाखला सगळं माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. दोन प्रती घेतो, पैसे देतो, जातो. कागद त्याच्याबरोबर गेला. फाइल माझ्याकडे राहिली. हे मला पण कधी सुचलं नव्हतं.

एकदा मोबाईल भरला म्हणून गॅलरी उघडली. पोराच्या वाढदिवसाचा फोटो शोधत होतो. आधार, आधार, आधार, पासबुक, एका आजींचा अंगठा, परत आधार. अर्धा तालुका खाली सरकवला तेव्हा कुठे केक दिसला. वरून ते सगळं आपोआप क्लाउडवर चढलेलं आणि घरी बायकोच्या टॅबवर दिसत होतं. ती म्हणे, ही कोण बाई वारंवार? अहो, पीक विम्याची बाई आहे ती, फॉर्म तीनदा परत आला तिचा.

तेव्हापासून धंद्याचा मोबाईल वेगळा, फोटो आपोआप सेव्ह होणं बंद, संध्याकाळी शटर ओढायच्या आधी सगळं डिलीट. पाटीपण लावली की काम झाल्यावर आमच्या मोबाईलमधून तुमची कागदं काढून घ्या. कोणी वाचत नाही. एक बाबा तर म्हणाले, "राहू दे रे, पुढच्या वेळी लागतीलच, मी कुठं शोधू?" लोकांनी मला लॉकर केलंय.

२०२२ च्या मे महिन्यात आधारची झेरॉक्स कुठेही देत जाऊ नका असं पत्रक निघालं होतं, आठवतं? शुक्रवारचं पत्रक, रविवारी मागे घेतलं. मधल्या वेळेत भावाने फोन करून विचारलं, आता दुकानात काय विकशील? त्यात मास्क्ड आधार वापरा असं होतं, ते मात्र चांगलं आहे. बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेले, शेवटचे चार दिसतात. आधारच्याच साइटवरून निघतं. मी सुचवतो. लोक म्हणतात करोना गेला आता.

अजून एक. दुकानातल्या कॉम्प्युटरवर लोक स्वतःचं व्हॉट्सअ‍ॅप उघडतात, प्रिंट घेतात आणि तसंच सोडून जातात. मी काढतो. दुसरा काढेलच असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस असतं, आपलं कुठे कुठे उघडं आहे ते तिथे दिसतं, बघून घ्या.

शेवभाजी_तिखट

पीक विम्याची बाई 😂😂

अमळनेरची

ताई, फोन येतात तो एक त्रास. माझ्या गिऱ्हाइकांचे नंबर तर दुसऱ्यांना गेले.

घरून साड्या विकते. ग्रुप होता, १८० बायका. रोज सकाळी फोटो टाकायचे. एक दिवस तेरा-चौदा जणींचे फोन, "ताई तुम्ही दुसऱ्या नंबरवरून पण का पाठवता?" मी कुठे पाठवते! गिऱ्हाईक म्हणून ग्रुपात शिरलेली एक होती. ग्रुपात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतातच. तिने ते उचलून स्वतःचा ग्रुप काढला, माझेच फोटो, ५० रुपये कमी. बरं तिचं एक वेळ सोडा. एका बाईला त्या ग्रुपातून कुणीतरी मेसेज करायला लागलं आणि तिच्या मिस्टरांनी मला झापलं. बरोबरच होतं. माझ्यावर विश्वास ठेवून ती आली होती.

आता ब्रॉडकास्ट लिस्ट आहे. त्यात एकीला दुसरी दिसत नाही. गोम अशी की ज्यांनी माझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. प्रत्येकीला सांगत बसले की सेव्ह करा गं. १८० च्या ६४ झाल्या. पण त्या ६४ घेतात. बाकीच्या नुसत्या "किंमत?" विचारायच्या.

धुळेकर_भो

किंमत? 😄

अमळनेरची

इनबॉक्स केलं आहे 😄

वहीवाली

पार्लर आहे माझं, भुसावळ. बिबडेवाली ताईंचं वाचून पोटात कालवलं कारण मी गुन्हेगार पार्टी.

नवरीचा मेकअप केला, बिफोर-आफ्टर टाकलं. विचारलं नव्हतं. आफ्टर इतका सुंदर झाला होता की बिफोरकडे माझं लक्षच नाही. तिच्या सासूने बिफोर बघितला. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी. नंतर जे रामायण झालं त्यात मुलीच्या आईचा फोन आला, ओरडली नाही, फक्त म्हणाली, "तुला काय मिळालं गं?" तेव्हा सत्तावीस लाईक मिळाले होते.

आता वही ठेवलीये. फोटो टाकू का, हो की नाही, सही. हो म्हटलं तर शंभर रुपये कमी. गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त जणी शंभर जादा देऊन नाही म्हणतात. आणि मी समजत होते सगळ्यांना आवडतं.

तापीकाठ

आलो घरी. मोठं लिहिणार होतो पण वहीवाली यांचं वाचून आमच्या मुलीचं आठवलं तेवढंच लिहितो. दहावीला चांगले मार्क पडले. चौथ्या दिवशी एका क्लासच्या जाहिरातीत तिचा फोटो, मार्क, शाळा, गाव. ती त्या क्लासला एक दिवस गेलेली नाही! फोटो आमच्याच भावकीच्या ग्रुपवरून गेला, मीच टाकला होता हौसेने. क्लासवाल्यांना फोन केला तर म्हणतात, "साहेब, अभिनंदनच केलंय ना."

काळा_कोट

धुळ्यात वकिली करतो, म्हणून थोडं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू. मुलगी अठराच्या आतली, म्हणजे तिची माहिती वापरायला त्या कायद्याखाली पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल. तापीकाठ, ते "अभिनंदन" तेव्हा महागात पडू शकतं.

पण बिबडेवाली ताई, एक कडू गोष्ट. जी माहिती माणूस स्वतःहून जाहीर करतो तिला हा कायदा लागू नाही. तुम्ही पानावर टाकलेला नंबर त्यात येतो. रात्री छळणाऱ्यावर फौजदारी कलमं आहेतच, तो रस्ता वेगळा.

धुळेकर_भो

वकीलसाहेब फी किती झाली सगळ्यांची मिळून

काळा_कोट

एक किलो बिबडे.

माहेरवाशीण९२

बायोडेटा. कोणीच बायोडेटा लिहिला नाही अजून??

लग्नाला तीन वर्षं झाली, मुलगी दीड वर्षाची. परवा ती रडत होती, एका हाताने तिला धरून फोन घेतला तर "स्थळासंदर्भात बोलायचं होतं." मी म्हटलं, झालं. ते म्हणे, कधी? कुठे दिली? जावई काय करतात? अहो काका!!

बाबांनी एकदाच समाजाच्या एका ग्रुपवर टाकला होता. जन्मवेळ मिनिटासकट, उंची, पगार, भावाची नोकरी, शेती किती एकर, बागायत किती, मामाचं गाव, घरचा पूर्ण पत्ता आणि रंग गोरा (हे आत्याने घातलं, मी नाही). त्या एका कागदावर चोराला, भामट्याला आणि ज्योतिषाला लागणारं सगळं आहे. पुण्याच्या एका मुलाने तर फोटो बघून थेट इन्स्टाग्रामवर शोधून काढलं आणि माझ्या मैत्रिणींना विचारलं की मी "कशी" आहे.

धाकट्या बहिणीच्या वेळी शहाणपण केलं, पत्ता नाही, शेती नाही, वेगळा नंबर. तर मध्यस्थ म्हणाले, काय लपवताय? 🙄

गिरणाथडी

रंग गोरा 🤣 आमच्यात "गव्हाळ" च्या खाली कोणी जातच नाही

रावेरचा_बागवाला

आमचं वेगळंच झालं भो. यूट्यूबवाला पोरगा आला, केळीचा बाग पाहिला, म्हणे काका दोन शब्द बोला. मी बोललो. घड किती किलोचा, झाडं किती, त्या वर्षी भाव बरा होता तर एकरी किती सुटले तेबी सांगून मोकळा. कॅमेऱ्यासमोर माणूस थोडं वाढवूनच सांगतो.

व्हिडिओ चालला. व्यापाऱ्याचा एक फोन नाही आला. पण साडूचा आला, पोरीच्या लग्नाला उसने पाहिजे. मेहुण्याचा आला. चुलत भाऊ ज्याच्याशी बांधाचा वाद, त्याने वकिलाला व्हिडिओ दाखवला. पुढच्या साली वादळात बाग आडवा झाला, त्याचा व्हिडिओ काढायला कोणी आलं नाही. लोक अजून जुनाच बघतात.

शेवभाजी_तिखट

हसू का रडू. दादा बाग आता ठीक आहे ना?

रावेरचा_बागवाला

नवीन खोड लावलंय. बरं आहे.

खरं_बोलतो

सगळं मान्य पण प्रत्येक गोष्टीला मोबाईल जबाबदार धरू नका. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बायको माहेरी गेली, मीपण गेलो, तिने झोक्यावरचा फोटो स्टेटसला ठेवला. परत आलो तर घर फोडलेलं. सगळे तिच्यावर तुटून पडले, स्टेटस, स्टेटस, स्टेटस. नंतर चोर सापडला. त्याच्याकडे साधा बटणाचा फोन. त्याने काय बघितलं? दाराला अडकवलेल्या तीन दिवसांच्या दुधाच्या पिशव्या. दूध बंद करायला मी विसरलो होतो.

बायकोची माफी अजून कोणी मागितलेली नाही. मी मागितली.

गिरणाथडी

दुधाच्या पिशव्या म्हणजे ऑफलाइन स्टेटस

वेफर्सचा_डबा

केळी वेफर्स बनवतो आम्ही. "मी आर्मीतून बोलतोय, युनिटसाठी चाळीस किलो पाहिजे, अ‍ॅडव्हान्स पाठवतो." ओळखपत्राचा फोटोपण पाठवला. मग क्यूआर आला, हा स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील. मी बोट लावणार तेवढ्यात बारा वर्षांचा पुतण्या म्हणाला, "काका, पैसे घ्यायला पिन कशाला?" शाळेत शिकवलं नव्हतं त्याला, त्याच्या डोक्यातूनच आलं. त्याला त्या दिवशी पाव किलो मसाला वेफर्स मिळाले.

नंबर त्यांना कुठून मिळतो तर आपल्याच जाहिरातीवरून. मग जाहिरात करायची नाही का? करायचीच.

शिरपूरची_भाची

आमचे मामा फसवणुकीतून वाचले नाहीत. लग्नपत्रिका म्हणून फाइल आली, ओळखीच्याच नंबरवरून (त्याचाही मोबाईल आधीच असाच फसलेला). पत्रिकेच्या फाइलच्या नावाशेवटी एपीके (म्हणजे अ‍ॅपची फाइल) असतं का कधी? मामांना काय माहीत, लग्नसराई, त्यांनी उघडली. मेसेज वाचायची परवानगी मागितली ती पण दिली. ओटीपी परस्पर तिकडे. रात्री खात्यातून तीन वेळा गेले.

१९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लगेच फोन केला म्हणून निम्मे अडवता आले. लगेच म्हणजे लगेच. मामी आधी देवापुढे दिवा लावत होती, मी म्हटलं दिवा नंतर लाव, आधी फोन लाव. मामांच्या मोबाईलवरून पुढच्या दोनशे जणांना तीच पत्रिका गेली, ते सगळ्यात वाईट. मामा महिनाभर बाजारात गेले नाहीत. पैशापेक्षा त्यांना ते लागलं, की माझ्या नावाने लोकांना गेलं.

अमळनेरची

मामांना सांगा, आमच्याकडे पण एका सरांचं असंच झालं. शिकलेल्यांचं पण होतं.

तापीकाठ

कुरडईचा चीक पहिल्या पाण्यात फेसाळतो त्याला काय करायचं? आई नाही आता, विचारायला कोणी नाही. बिबडेवाली ताई?

बिबडेवाली

वरचं पाणी रोज नितळून टाका, नवीन घाला, तीन दिवस. वास येतो तो यायलाच पाहिजे. घाबरू नका. शिजवताना गुठळी झाली तर मात्र काही खरं नाही.

सगळ्यांचं वाचतेय. पार्लरवाल्या ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं वाटलं. माझा फोटोही कुणीतरी हौसेनेच टाकला होता, भाची माझी. तिला अजून सांगितलेलं नाही की किती फोन आले. तिला वाटतं पान चाललं.

हात_पांढरे

ताई एक विचारू? लोखंडी जिना, खाली गिरणी, गच्चीवर बिबडे... तुमच्या गच्चीला निळी टाकी आहे का? माझी आई तुमच्याकडूनच नेते 😀 त्या पांढऱ्या झालेल्या बाईंना वर पाठवणारा मीच, गिरणी आमची!

बिबडेवाली

अरे देवा. बाळा, ते टाकीचं काढ ना आधी.

आणि आईला सांग, होळीला दिलेला स्टीलचा डबा परत पाठव.

हात_पांढरे

काढता येत नाहीये, वेळ संपली 😬 डबा उद्या.

धुळेकर_भो

हासी हासी पोट दुखनं. ताई तुम्हीच गिरणी लिहिली दुसऱ्या परिच्छेदात

बिबडेवाली

हो रे. लिहिताना ती पुण्याची बाई डोळ्यासमोर आली, त्या भरात. नंबर नाही दिला म्हणजे झालं असं वाटलं होतं.

काळा_कोट

स्वतःहून जाहीर केलेली माहिती. माझे हात बांधलेले आहेत. बिबड्यांची ऑर्डर मात्र गिरणीत येऊन देतो.

गिरणाथडी

झेरॉक्सवाले दादा, तुमचं वाचून आत्ता वडिलांच्या मोबाईलमध्ये ते लिंक्ड डिव्हायसेस बघितलं. तीन निघाले. एक माझा लॅपटॉप. एक सोसायटीच्या ऑफिसातला, ते तिकडे प्रिंट काढतात. तिसरा कुणाचा ते बाबांना सांगता येईना.

झेरॉक्सवाला

त्यावर टॅप करा, लॉग आउट येतं. करून टाका. मग टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन ठेवा. शेवटचा कधी चालू होता ते पण तिथेच लिहिलेलं असतं, ते आधी बघा.

गिरणाथडी

काढला. पिन पण ठेवला, बाबांनी तो कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, ते उद्या बघते.

शेवटचा चालू काल संध्याकाळी सात दहा. बाबा म्हणतात, सातला मी तर देवळात होतो.